जुन्या पीसीचा घरचा सर्व्हर: काय जमतं, काय जमत नाही

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. म्हणजे कोल्हापुरात उद्यमनगरातल्या कारखान्याच्या ऑफिसात किंवा सीएच्या टेबलावर अजून धडधाकट चालणारे सहाव्या-सातव्या पिढीचे पीसी एका तारखेला म्हातारे झाले. त्याच सुमाराला रॅम आणि एसएसडीचे भाव चढले. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीच्या चिप उचलायला सुरुवात केली, आणि मायक्रॉन कंपनीने डिसेंबर २०२५ मध्ये सामान्य गिऱ्हाइकांसाठीचा आपला क्रूशियल हा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. नवीन मशीन महाग, जुनं पडून, आणि फोनवर रोज ‘स्टोरेज फुल’.

अशा वेळी घरी सर्व्हर लावायचा विचार डोक्यात येणारच. प्रश्न बहुतेक असा विचारला जातो: “एकच बॉक्स घेतो. त्यात घरातले फोटो राहतील, टीव्हीवर पिक्चर दिसतील, पोरगं गेम पण खेळंल. बसतंय का?” बसतंय, पण सगळं नाही. साठवण, सिनेमा आणि गेमिंग ही कामं मशीनकडे वेगवेगळ्या गोष्टी मागतात. साठवणीला चांगल्या डिस्क लागतात, सिनेमाला व्हिडिओची चिप लागते आणि गेमिंगला काय लागतं ते ‘गेमिंग’ म्हणजे तुम्ही काय समजता त्यावर आहे. तिन्हीसाठी एकच तगडं मशीन शोधायला गेलं की पैसा चुकीच्या जागी जातो. माझं मत सरळ आहे: मशीन जुनं चालेल, डिस्क नवीन घ्या, आणि दुसऱ्या प्रतीचे पैसे पहिल्याच दिवशी बाजूला काढा.

सर्व्हर म्हणजे असतं काय?

सतत चालू असलेला आणि दुसऱ्या यंत्रांच्या मागण्या पुरवणारा कॉम्प्युटर म्हणजे सर्व्हर. फोन म्हणतो ‘हे फोटो ठेव’, टीव्ही म्हणतो ‘तो पिक्चर दे’, आणि हा देतो-घेतो. त्याला स्क्रीन लागत नाही, कीबोर्ड फक्त पहिल्या दिवशी लागतो. नंतर तो माळ्यावर किंवा कपाटावर पडून राहतो आणि तुम्ही लॅपटॉपच्या ब्राउझरमधून त्याला हाताळता. निव्वळ साठवणीसाठी असला तर त्याला ‘नॅस’ म्हणतात, म्हणजे नेटवर्कला जोडलेलं स्टोरेज. सिनॉलॉजी, क्यूनॅप वगैरे कंपन्या तयार नॅस विकतात. ते सोपे असतात, पण कंपनीच्या मर्जीवर चालतात. सिनॉलॉजीने २०२५ च्या काही मॉडेलांत बाहेरच्या कंपन्यांच्या हार्डडिस्क वापरण्यावर बंधनं घातली होती, आणि गिऱ्हाइकांनी ओरडा केल्यावर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सोडली. जुन्या पीसीवर स्वतः बसवलेल्या सर्व्हरला असा मालक नसतो. मग दुरुस्तीही तुमच्याच गळ्यात.

गूगल असताना हा खटाटोप कशाला?

रास्त प्रश्न आहे, आणि बऱ्याच घरांसाठी उत्तर ‘नका करू’ असंच आहे. सगळे फोटो-व्हिडिओ मिळून शंभर-दोनशे जीबीच्या आत बसत असतील तर महिन्याला थोडे पैसे भरून क्लाउड घेतलेलं स्वस्त पडतं. सर्व्हरचं लाईटबिलच त्याच्यापेक्षा जास्त येईल.

गणित बिघडतं ते व्हिडिओमुळे. गूगल फोटोजची अमर्याद फुकट सोय १ जून २०२१ पासून बंद झाली. आता फुकट मिळतात ते १५ जीबी, तेही जीमेल आणि ड्राइव्ह मिळून. शाहू स्टेडियमवरची एक मॅच धरा. फोनवर फोर-के रेकॉर्डिंग, सेकंदाला ३० फ्रेम, तेही नव्या एचईव्हीसी पद्धतीने दाबून, तरी मिनिटाला साधारण १७० एमबी होतात. दीड तास शूटिंग केलं की १५ जीबी. एका मॅचमध्ये गूगलचा फुकटचा कोटा खलास. ज्यांच्या घरी असं शूटिंग चालतं, लग्नाचे अल्बम करणारा माणूस आहे किंवा ड्रॉइंगच्या फाइलींचा ढीग आहे, त्यांच्यासाठी चार-आठ टीबीची घरची जागा कामाची ठरते. टीबी म्हणजे हजार जीबी. आणि हो, ४ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ३.६३ टीबी दिसते. दुकानदाराने फसवलेलं नसतं. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, एवढंच.

मशीन कोणतं?

सहाव्या किंवा सातव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, सिस्टिमसाठी एक छोटी एसएसडी. घरच्या सर्व्हरला एवढं पुष्कळ होतं. पिढी कशी ओळखायची? आय-फाइव्ह ६५०० मधला पहिला आकडा सहावी पिढी सांगतो, ७५०० मधला सातवी. या दोघांत निवडायची वेळ आली तर सातवी घ्या. नव्या व्हिडिओ फाइली तिला नीट उलगडता येतात. त्याचं कारण पुढे येईलच.

घेताना कॅबिनेट उघडून बघायला लावा. डेल, एचपी, लेनोव्होचे ऑफिसवाले डबे दिसायला सुटसुटीत असतात, पण अगदी छोट्या ‘टायनी’ प्रकारात साडेतीन इंची हार्डडिस्क मावतच नाही. मधल्या आकाराच्या डब्यात एक किंवा दोन मावतात. शिवाय या कंपन्यांचा एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, बऱ्याचदा त्यांच्याच वेगळ्या कनेक्टरचा असतो. तो गेला की बाजारातला साधा एसएमपीएस बसत नाही. साध्या असेंबल्ड पीसीचा मोठा कॅबिनेट अवजड असला तरी त्यात वाट्टेल ते बसवता येतं, आणि राजारामपुरीतला कुठलाही रिपेअरवाला तो दुरुस्त करून देतो. मी हाच घ्या म्हणेन.

रास्पबेरी पाय हे छोटं बोर्ड स्वस्त दिसतं म्हणून काहीजण तिकडे वळतात. साठवणीपुरतं ठीक. पण पाय ५ मध्ये व्हिडिओ नव्याने तयार करणारा हार्डवेअर एन्कोडरच नाही, त्यामुळे सिनेमाच्या कामाला तो अडतो. नवीनच घ्यायचं असेल तर इंटेल एन१०० चिपचे मिनी पीसी वीज कमी खातात आणि व्हिडिओत तरबेज आहेत. डिस्क लावायला जागा मात्र त्यांच्यात कमी.

डिस्क: इथे काटकसर नको

सेकंड हँड मशीन चालेल, सेकंड हँड हार्डडिस्क घरच्या फोटोंना चालणार नाही. जुनी डिस्क गळ्यात पडलीच असेल तर क्रिस्टल डिस्क इन्फोसारख्या फुकट प्रोग्रॅममध्ये दोन ओळी बघा. ‘पॉवर ऑन अवर्स’ म्हणजे ती एकूण किती तास चालली. ‘रीअलोकेटेड सेक्टर’ म्हणजे खराब झालेल्या किती जागा तिने बदलून घेतल्या. दुसरा आकडा शून्याच्या वर गेला असेल तर ती डिस्क टोरेंटसुद्धा ठेवायच्या लायकीची समजू नका.

नवीन घेताना एक शब्द विचारा: सीएमआर की एसएमआर? सीएमआरमध्ये डेटाच्या रेघा सुट्या राहतात, एसएमआरमध्ये एकमेकींवर थोड्या चढवून लिहितात. जागा जास्त मिळते, पण सलग भरपूर लिहायला गेलं की वेग कोसळतो. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलने नॅससाठीच्या ‘रेड’ या नावाने विकल्या जाणाऱ्या काही डिस्कमध्ये हा प्रकार न सांगता घातल्याचं उघड झालं आणि मोठा गदारोळ झाला. एकट्या डिस्कवर फक्त सिनेमे ठेवायचे असतील तर एसएमआर चालून जाते. दोन-चार डिस्क एकत्र बांधायच्या असतील तर सीएमआरच हवी.

एकत्र बांधणं म्हणजे रेड (RAID, वरच्या ‘रेड’ नावाशी याचा संबंध नाही). सोपा प्रकार असा की दोन डिस्कवर एकच गोष्ट एकाच वेळी लिहायची. एक डिस्क मेली तरी दुसरीवर काम चालू राहतं. इथेच बहुतेकांची समजूत होते की झालं, डेटा सुरक्षित. होत नाही. तुम्ही चुकून फोल्डर डिलीट केलं तर ते दोन्हीकडून त्याच क्षणी जातं. व्हायरसने फाइली कुलूपबंद केल्या तर दोन्हीकडच्या होतात. एसएमपीएस जळाला, वळवाच्या पावसात वीज पडली, चोरी झाली, तरी तेच. रेडने काम थांबत नाही, एवढाच त्याचा उपयोग. घरी दोन तास फोटो दिसले नाहीत म्हणून कुणाचं काही अडत नाही. म्हणून दोनच डिस्क घ्यायची ऐपत असेल तर त्या रेडमध्ये अडकवू नका. एक सर्व्हरमध्ये ठेवा, दुसरी बॅकअपला. नेटवर शोधाल तर याच्या उलट सल्ला हटकून मिळेल. तो देणाऱ्यांकडे बहुधा सहा डिस्क असतात.

सिनेमा: टीव्हीला झेपेल तसं

सिनेमासाठी सर्व्हरवर एक प्रोग्रॅम टाकायचा, टीव्हीवर त्याचं ॲप. प्लेक्स आणि जेलीफिन ही मोठी नावं. एप्रिल २०२५ पासून प्लेक्सने घराबाहेरून स्वतःचेच व्हिडिओ बघायला पैसे लावले. जेलीफिन पूर्ण मोफत आहे, अँड्रॉइड टीव्हीवर सहज बसतं. पहिल्यांदा करणाऱ्याने जेलीफिनच घ्यावं. जुन्या मराठी चित्रपटांची पोस्टरं आणि नटांची नावं बऱ्याचदा आपोआप सापडत नाहीत, हाताने भरावी लागतात. पावसाळ्यातल्या रविवारचं काम आहे ते.

आता तो अवघड शब्द: ट्रान्सकोडिंग. फाइल एका पद्धतीने दाबलेली आहे आणि टीव्हीला ती पद्धत कळत नाही, तेव्हा सर्व्हर चालू पिक्चरमध्येच ती उलगडून टीव्हीला समजेल अशी पुन्हा दाबून देतो. हे काम नुसत्या प्रोसेसरवर टाकलं तर फोर-के पिक्चरला जुना आय-फाइव्ह धापा टाकायला लागतो आणि टीव्हीवर गोल चक्र फिरत राहतं. पण इंटेलच्या प्रोसेसरमध्येच ग्राफिक्सचा एक छोटा भाग असतो, त्यातली ‘क्विक सिंक’ ही सोय हे काम सहज उचलते. सहाव्या पिढीला १०-बिट एचईव्हीसी हा हल्लीच्या फोर-केमधला प्रकार नीट झेपत नाही, सातवीला झेपतो. आणि एक जपून: प्रोसेसरच्या नावापुढे ‘एफ’ असेल, उदाहरणार्थ आय-फाइव्ह १०४००एफ, तर त्यात तो ग्राफिक्सचा भागच बंद असतो. गेमिंगच्या सेकंड हँड पीसीत हे ‘एफ’ फार दिसतात. पोराच्या जुन्या गेमिंग पीसीचा सर्व्हर करताना हमखास इथेच गाडी अडते.

ट्रान्सकोडिंग टाळता आलं तर सगळ्यात उत्तम. टीव्ही नवा असेल तर तो बहुतेक फाइली जशाच्या तशा चालवतो आणि सर्व्हरला नुसती फाइल पाठवायची असते. सबटायटल चित्राच्या स्वरूपातली असतील तर मात्र ती पिक्चरवर छापून द्यावी लागतात आणि पुन्हा ट्रान्सकोडिंग सुरू होतं. साध्या मजकुराची एसआरटी फाइल वापरली की हा त्रास जातो.

“मग ओटीटीचं सबस्क्रिप्शन बंद करता येईल?” नाही. नेटफ्लिक्स किंवा हॉटस्टारवर डाउनलोड केलेला पिक्चर कुलूपबंद असतो, तो त्यांच्याच ॲपमध्ये चालतो. सर्व्हरवर ठेवायला सिनेमा कुठून आणणार, हे ज्याने त्याने कायदा डोळ्यापुढे ठेवून ठरवावं. टोरेंटचा पिक्चर घरच्या डिस्कवर ठेवल्याने कायदेशीर होत नाही. माझ्या मते घरच्या मीडिया सर्व्हरचा खरा माल वेगळाच असतो: लग्नाच्या कॅसेटी, बारशाच्या सीडी, आजोबांच्या आवाजातलं रेकॉर्डिंग. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं असतं. मोठ्या टीव्हीवर धूसर दिसेल, पण जी मंडळी त्यात आहेत त्यांना बघायला घर जमतं. अशा सीडी हळूहळू वाचता येईनाशा होतात आणि सीडी ड्राइव्ह असलेले पीसी संपत चाललेत. हे काम आधी करा, फोर-के नंतर.

गेमिंग: आधी खुलासा

बीजीएमआय, फ्री फायर, व्हॅलोरंट या गेमांचे सर्व्हर कंपनीचे असतात. घरी कितीही भारी सर्व्हर लावला तरी त्यातला पिंग एक मिलिसेकंदानेही कमी होत नाही. पिंग म्हणजे तुमची हालचाल गेमच्या सर्व्हरपर्यंत जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ, तो तुमच्या नेटवर आणि त्यांच्या सर्व्हरच्या अंतरावर ठरतो. पोराने ‘गेमिंग सर्व्हर’ मागितला तर पहिल्यांदा गेमचं नाव विचारा.

घरी चालवता येतो तो माइनक्राफ्ट किंवा व्हॅलहाइमसारख्या गेमांचा सर्व्हर. चार-पाच मित्रांचं एक जग तुमच्या मशीनवर चोवीस तास जिवंत राहतं. ग्राफिक्स कार्ड लागत नाही, कारण चित्र ज्याच्या त्याच्या पीसीवर तयार होतं. सर्व्हर फक्त कोण कुठे आहे, कुणी काय तोडलं, काय बांधलं याचा हिशेब ठेवतो. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीला एवढ्या जणांसाठी दोन ते चार जीबी रॅम पुरते, आणि तो हिशेब मुख्यतः प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालत असल्याने कोअरची संख्या बघण्यात अर्थ नाही. फोनवर खेळणाऱ्यांची आवृत्ती वेगळी असते, बेडरॉक नावाची. ती जावाच्या सर्व्हरला सरळ जोडली जात नाही, मध्ये गायझर हा फुकट दुभाष्या टाकावा लागतो.

तिसरा प्रकार म्हणजे वरच्या खोलीतल्या गेमिंग पीसीवरचा गेम हॉलमधल्या टीव्हीवर खेळायचा. गेमिंग पीसीवर सनशाइन आणि टीव्हीवर मूनलाइट, दोन्ही मोफत. यात सर्व्हरचा संबंधच येत नाही. गेम ग्राफिक्स कार्डवाल्या पीसीवर चालतो, टीव्हीकडे नुसतं चित्र जातं. “मग ग्राफिक्स कार्डच सर्व्हरमध्ये बसवलं तर?” तांत्रिकदृष्ट्या जमतं. पण मग रात्रंदिवस चालणाऱ्या मशीनमध्ये वीज खाणारं कार्ड राहतं, गेमने मशीन अडकलं की घरातले फोटोही बंद पडतात, आणि सर्व्हरवर गेमसाठी व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतला नकली कॉम्प्युटर, केला तर व्हॅलोरंटसारखे गेम त्यात चालतच नाहीत. पहिल्या वर्षी या नादाला लागू नका, भावा.

केबलच्या टोकाला आठ तारा आहेत का?

घरातल्या वेगाबद्दल कुणी फार सांगत नाही, आणि रडारड इथेच जास्त. लॅन केबलमध्ये आठ तारा असतात. १०० एमबीपीएसला त्यातल्या चारच लागतात, गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, आठही. काही फिटर क्रिम्पिंग करताना, म्हणजे टोकाला प्लग बसवताना, चारच तारा लावतात. एकाच केबलमधून दोन कनेक्शन नेण्याची ती जुनी युक्ती. नेट व्यवस्थित चालतं, म्हणून वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागत नाही. सर्व्हरवर १०० जीबी टाकायला गेलात की फरक दिसतो: गिगाबिटवर सेकंदाला ११० एमबीच्या आसपास जाऊन पंधरा-वीस मिनिटांत काम होतं, १०० वर अडीच तास जातात. प्लगचं पारदर्शक टोक उजेडात धरा आणि रंग मोजा, आठ दिसले पाहिजेत. राउटरचं पोर्ट गिगाबिट आहे ना, तेही बघा. सर्व्हर आणि टीव्ही तारेने जोडले की वायफाय फोनसाठी मोकळं राहतं.

बाहेरगावाहून फोटो का दिसत नाहीत?

घरात सगळं छान चालतं, पुण्याला गेलं की सर्व्हर सापडत नाही. इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला आयपी ॲड्रेस लागतो, आणि जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४ चे पत्ते जगातच संपलेत. मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. म्हणून इंटरनेट कंपन्या अनेक घरांना मिळून एकच पत्ता देतात. याला सीजीनॅट म्हणतात. मोठ्या अपार्टमेंटला पत्ता एकच, दारात वॉचमन, आणि आतल्या फ्लॅटची पाटी बाहेर कुठेच नाही, तसं हे आहे. तुम्ही आतून काही मागवलंत तर वॉचमनला ठाऊक असतं की हे पार्सल कुणाचं. पण न मागवता कुणी पाहुणा ‘सर्व्हरवाल्यांकडे जायचंय’ म्हणत आला तर त्याला तो गेटवरूनच परत पाठवतो.

तुमच्याकडे हे आहे का, ते ओळखणं सोपं आहे. राउटरच्या पानावर ‘वॅन आयपी’ बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान सुरू होत असेल तर सीजीनॅट नक्की. कंपनीकडून जादा पैसे भरून स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त तुमचा असा कायमचा पत्ता, घेता येतो, पण घरच्या कामाला त्याची गरज नाही. टेलस्केलसारखी सेवा सर्व्हरवर आणि प्रत्येक फोनवर टाकायची. दोन्हीकडून आतूनच बाहेर जोडणी होते, मग वॉचमन अडवत नाही. ही सेवा वायरगार्ड या खुल्या तंत्रावर चालते आणि घरगुती वापराला फुकट आहे. माइनक्राफ्ट खेळणाऱ्या मित्रांनाही याच वाटेने आत घेता येतं.

“त्यापेक्षा राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून सरळ आत यायचं दार, उघडून दिलं तर?” उघडलेल्या पोर्टवर जगभरातले स्वयंचलित प्रोग्रॅम चोवीस तास कडी वाजवत असतात. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने इंटरनेटला सरळ उघडे असलेले क्यूनॅपचे नॅस गाठून फाइली कुलूपबंद केल्या. त्याहून बोलकं उदाहरण पासवर्ड सांभाळणाऱ्या लास्टपास कंपनीचं. २०२२ मधल्या चोरीत चोर घुसले ते त्यांच्या एका इंजिनियरच्या घरच्या कॉम्प्युटरमधून, तिथल्या प्लेक्सच्या जुन्या आवृत्तीमधल्या भोकातून. प्लेक्सने ते भोक २०२० मध्येच बुजवलं होतं. अपडेट टाकायचं राहिलं होतं. महिन्यातून एकदा अपडेट मारायला वेळ नसेल तर सर्व्हर लावू नका, हे मी गंमतीने म्हणत नाही.

लाईटबिल किती येईल?

साधा आय-फाइव्ह आणि एक डिस्क निवांत असताना साधारण ३० वॅट खातात. ३० वॅट चोवीस तास, महिनाभर, म्हणजे २१.६ युनिट. ग्राफिक्स कार्डवाला गेमिंग पीसी ८० वॅटवर बसून राहिला तर ५७.६ युनिट. एन१०० चा मिनी पीसी १२ वॅटच्या आसपास धरला तर नऊ युनिटसुद्धा होत नाहीत.

युनिटचा दर धरताना लोक बिलाची सरासरी काढतात, तिथे हिशेब चुकतो. महावितरणचे घरगुती दर स्लॅबचे आहेत: १०० युनिटपर्यंत एक, १०१ ते ३०० ला दुसरा, पुढे आणखी चढे. वरचा दर फक्त वरच्या युनिटना लागतो हे खरं, पण सर्व्हरचे युनिट घरातल्या बाकी वापराच्या डोक्यावर बसतात, म्हणजे ते नेहमी वरच्याच दराने मोजायचे. बिलावर तुमच्या शेवटच्या स्लॅबचा दर बघा, त्यात वहन आकार मिळवा, वर १६ टक्के वीज शुल्क. समजा सगळं मिळून १२ रुपये पडले, तर आय-फाइव्हचे महिन्याला २६० च्या आसपास, गेमिंग पीसीचे ६९० रुपये. जुना गेमिंग पीसी ‘फुकट पडलाय’ म्हणून लावणाऱ्याने हा दुसरा आकडा बाराने गुणून बघावा.

लाईट जाणं हा वेगळा विषय. लिहिता लिहिता वीज गेली तर फाइल किंवा अख्खी डिस्क बिघडू शकते, म्हणून छोटा यूपीएस लागतोच. शक्यतो यूएसबी केबलवाला घ्या. बॅटरी संपत आली की तो सर्व्हरला कळवतो आणि सर्व्हर स्वतःला नीट बंद करतो. घराला इन्व्हर्टर असेल तर तो यूपीएस मोडवर ठेवा. बायोसमध्ये, म्हणजे पीसी सुरू होतानाच्या सेटिंगच्या पानावर, ‘वीज आल्यावर आपोआप चालू हो’ अशा अर्थाचं सेटिंग असतं, ते चालू करा, नाहीतर लाईट आली तरी सर्व्हर झोपलेलाच राहतो आणि तुम्ही गावाला असता. अर्थिंग मात्र इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, यूपीएस त्याची जागा घेत नाही.

सॉफ्टवेअर

पहिल्यांदा करणाऱ्याला ओपनमीडियाव्हॉल्ट पुरे. लिनक्सवर चालतं, फुकट आहे, सगळं ब्राउझरमधून दिसतं. फोटोंसाठी इमिच: फोनमधले फोटो वायफायवर आले की आपोआप सर्व्हरवर चढतात, चेहरे ओळखून वेगळे काढतात, दिसायला गूगल फोटोजसारखं. घरच्यांना नवीन काही शिकवावं लागत नाही, आईच्या फोनवर ॲप टाकून दिलं की झालं. हे प्रोग्रॅम डॉकरमध्ये बसवायचे, म्हणजे प्रत्येकाला लागणारा सगळा लवाजमा त्याच्यासोबत बंदिस्त राहतो आणि एक बिघडला तर दुसऱ्याला धक्का लागत नाही. प्रॉक्समॉक्स, ट्रूनॅस ही नावं वाचनात येतील. चांगली आहेत, पण पुढच्या खेपेला.

पंचगंगेचं पाणी आणि दुसरी प्रत

बॅकअपचा जगभर सांगितला जाणारा नियम असा की डेटाच्या तीन प्रती हव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. कोल्हापुरात हा ‘घराबाहेर’ शब्द नीट तपासून घ्यावा लागतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा शहरात शिरलं. शाहूपुरी कुंभार गल्लीतल्या माणसाने आपली बॅकअप डिस्क व्हीनस कॉर्नरजवळच्या मेहुण्याकडे ठेवली, तर कागदावर ती घराबाहेर आहे. पाण्याच्या हिशेबात दोन्ही घरं एकच.

पूररेषेत राहणाऱ्याने सर्व्हर तळमजल्यावर ठेवूच नये. यूपीएसही नको, तोही पाण्यात गेला की संपला. पाणी इशारा पातळीला लागलं की सर्व्हर रीतसर बंद करून प्लग काढून ठेवावा. रात्री घर सोडायची वेळ आली तर कॅबिनेट कुणी उचलत नाही, आणि उचलूही नये. बॅकअपची यूएसबी डिस्क मात्र खिशात मावते.

बाहेरची प्रत पुण्याला-मुंबईला असलेल्या भावा-बहिणीकडे ठेवलेली बरी. पण पहिली प्रत नेटवरून पाठवायच्या भानगडीत पडू नका. अपलोडचा वेग २० एमबीपीएस असेल तर १ टीबी चढायला साडेचार दिवसांहून जास्त लागतात, तेही एकदाही नेट न तुटता. तीच डिस्क टॉवेलात गुंडाळून पिशवीत घातली तर एसटीने दुपारपर्यंत पुण्यात. तिथे ती जुन्या लॅपटॉपला जोडायची, टेलस्केल टाकायचं, आणि पुढे रोजची नवी भर तेवढी रात्री रेस्टिकसारख्या प्रोग्रॅमने पाठवत राहायची. रेस्टिक सगळं कुलूपबंद करूनच पाठवतो, त्यामुळे मेहुण्यांनी उत्सुकतेपोटी डिस्क उघडली तरी काही दिसत नाही. तो पासवर्ड कागदावर लिहून घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी देऊन ठेवा. तुमच्याशिवाय कुणालाच माहीत नसेल, तर तुम्ही नसताना त्या प्रतीचा उपयोग शून्य.

आणि तीन-चार महिन्यांतून एकदा त्या प्रतीतलं एखादं फोल्डर परत काढून, फाइली खरंच उघडतात का ते बघा. शंभरातले पाच फोटो, एखादा व्हिडिओ शेवटपर्यंत. ‘बॅकअप यशस्वी’ असा हिरवा मेसेज रिकाम्या फोल्डरलाही येतो.